जकातीच्या वहीचे शेवटचे पान

रमजानचा पहिला आठवडा उलटला की आमच्या घरात कपाटातून एक वही बाहेर येते. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, कारखान्यात हजेरीच्या मस्टरसाठी वापरतात तसली. अब्बा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. तिथल्या टाइमकीपरकडून त्यांनी ती मागून आणली होती. त्यात ते जकातीचा हिशेब मांडत. डाव्या बाजूला अम्मीचे सोने, बँकेतील शिल्लक, कुणाला दिलेली उसनवारी. उजव्या बाजूला देणे. वजाबाकी झाली की खाली अडीच टक्के. बहुतेक वर्षी आकडा लहानच असायचा, पण हिशेब मात्र पैशापर्यंत चोख.

अब्बा गेल्यानंतर वही माझ्याकडे आली. पाने मागून उलटताना एकदा शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एक ओळ दिसली. युनिव्हर्सिटीत शिकणारे कुणीतरी एक पोर, त्याची फी. एवढेच. रक्कम नाही, तारीख नाही, सही नाही.

ही ओळ कुठून आली, ते मला ठाऊक होते. इफ्तारनंतर चहा घेताना त्यांनी ते कितीतरी वेळा सांगितले होते. त्यांच्या कारखान्यात एक मुलगा रात्रपाळीला यायचा. शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.एस्सी. करत होता. रात्री कोअर उचलायचा, सकाळी तोंड धुऊन तसाच लेक्चरला. पहिले वर्ष असेच निघाले. दुसऱ्या वर्षी परीक्षेची फी, खोलीचे भाडे आणि घरचे आजारपण एकाच महिन्यात आले आणि मुलाने कॉलेज सोडले. रात्रपाळी मात्र सुरू राहिली. ‘हुशार पोरगं वाळूत गेलं बघ,’ अब्बा म्हणायचे. साच्याची वाळू रोज हातात असलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना बरे वाटायचे नाही. मग म्हणायचे, ‘माझ्या पैशातून एक वाटा अशा पोराला जाऊ दे. मी नसलो तरी.’

अब्बा नसले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले. घराचे पत्रे गळत होते. बहिणीचे लग्न ठरले होते. भावाच्या डोक्यावर कर्ज होते. आम्ही एका जाणत्या माणसाला विचारले. ते म्हणाले, रक्कम नाही, कुणाला द्यायचे ते नाही. नुसत्या इच्छेला वसियत कसे म्हणणार? आमचा जीव भांड्यात पडला. आमच्या घरच्या गरजा खोट्या नव्हत्या. पण तेव्हा आम्हाला हायसे वाटले, हेच मला पुढे प्रत्येक रमजानला खटकत राहिले.

तिसरा हिस्सा, आणि तोही पुष्कळ

माणूस मेला की त्याच्या कर्माची वही बंद होते, तीन गोष्टी तेवढ्या चालू राहतात, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वाहते राहणारे दान म्हणजे सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान, आणि आई-वडिलांसाठी दुआ करणारी नेक संतती. मशिदीत पंखा द्यावा, बोअर मारून द्यावी, कुराणाच्या प्रती द्याव्यात, हे आपल्याला पटकन सुचते. एखाद्या मुलीची एम.एस्सी.ची फी मात्र सहसा सुचत नाही. खरे तर त्या एका फीमध्ये वाहते दानही आहे आणि ज्ञानही. बापाने लिहून ठेवलेले मुलांनी मनापासून पार पाडले, तर तिसरी गोष्टही त्यातच आली.

वसियतीचा अधिकार कुराणानेच दिला आहे. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना ते वसियत आणि कर्ज भागवल्यानंतरचे आहेत, हे पुन्हा पुन्हा येते. क्रम असा : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, मग वसियत, आणि उरलेल्यात वारस. बायकोचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जातच धरायचा. कितीतरी घरांत ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. विद्यार्थ्याला दान लिहिण्याआधी घरच्या बाईचे देणे लिहायला हवे.

वसियत किती करायची, याची मर्यादा हजरत साद बिन अबी वक्कास यांच्या प्रसंगातून आली. मक्केत ते फार आजारी पडले. तेव्हा त्यांना वारस म्हणून एकच मुलगी होती. पैगंबरसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांनी विचारले, दोन तृतीयांश मालमत्ता दान करू का? नाही, असे उत्तर आले. अर्धी? नाही. तिसरा हिस्सा? तिसरा चालेल, आणि तिसराही पुष्कळच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागेल अशा अवस्थेत सोडण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, असा त्यामागचा अर्थ. इथे दानशूरपणालाही लगाम घातला आहे. घर उघडे टाकून पुण्य कमवायला परवानगी नाही.

या प्रसंगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. हजरत साद त्या आजारातून बरे झाले, पुढे कितीतरी वर्षे जगले, त्यांना आणखी मुले झाली. वसियतीचे नाव काढले की ‘असं अभद्र कशाला बोलताय’ म्हणून विषय बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

कोल्हापूरने हे पाहिले आहे

शिकणाऱ्या पोराला आधार देणे ही कोल्हापूरची जुनी सवय आहे. दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंगची इमारत रोज दिसते. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. त्याआधी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. पुढे एकेका समाजाची वसतिगृहे शहरात उभी राहिली. खेड्यातला मुलगा हुशार असला तरी शहरात त्याला छप्पर आणि भाकरी नसेल तर शाळेची फी माफ करून काय उपयोग, हे महाराजांनी ओळखले होते. महाराज 6 मे 1922 रोजी गेले. बोर्डिंग अजून आहेत. देणारा गेल्यावरही देणे चालू राहते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

पलीकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. शिवाजी विद्यापीठ सुरू झाले ते 18 नोव्हेंबर 1962 रोजी. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे ते विद्यापीठ. तिथे चालणारी ‘कमवा आणि शिका’ योजना याच परंपरेतली. आज तिथे येणाऱ्या मुलांमध्ये घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली कितीतरी जण असतात. त्यांचे शिक्षण अडते ते फार मोठ्या रकमांपायी नाही. मेसचे दोन महिन्यांचे बिल, बसचा पास, परीक्षा शुल्क, प्रोजेक्टचा खर्च, शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यावर येईपर्यंतचे महिने. शिरोलीतल्या एखाद्या मध्यम शेडच्या मालकाला हा खर्च मुलाच्या वाढदिवसाला होतो तेवढा वाटेल. पण तोच वेळेवर आला नाही, तर एक पोर वाळूत जाते.

कोल्हापूरची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये उच्च शिक्षणासाठी एक निधी उभा केला. त्यातून परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये आपल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परत येऊन त्यांनी कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांवर उपचार केले. त्या काळात परक्या पुरुष डॉक्टरपुढे जायला न धजणाऱ्या बायकांसाठी ते केवढे मोठे काम होते, हे वेगळे सांगायला नको. एका पारशी गृहस्थाचा पैसा, एका हिंदू मुलीचे शिक्षण, आणि पंचगंगेकाठच्या सर्व जातिधर्मांच्या बायकांची सोय.

टाटांच्या या निधीची रीत आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी आहे. तो पैसा खैरात म्हणून न देता कर्जाऊ देत. शिकून कमावते झाल्यावर मुलांनी परत करायचे, की तेच पैसे पुढच्या मुलाला. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन याच निधीच्या मदतीने लंडनला शिकायला गेले. आपल्याकडे बिनव्याजी उसनवारीला कर्ज-ए-हसना म्हणतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही आणि देणाऱ्याचा पैसा थांबत नाही.

हुगळीच्या हाजींचा पैसा

बंगालमधल्या हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसिन यांना बहिणीकडून मोठी जमीनदारी मिळाली. स्वतःला मूलबाळ नव्हते. 1806 मध्ये त्यांनी दस्त करून ती मालमत्ता वक्फ केली. ते 1812 मध्ये गेले. पुढे व्यवस्था पाहणाऱ्यांच्या कारभाराविषयी तक्रारी झाल्या, सरकारने ती हाती घेतली, आणि साठलेल्या शिलकीतून 1836 मध्ये हुगळीला कॉलेज निघाले. ते सर्वांना खुले होते. ‘वंदे मातरम्’ लिहिणारे बंकिमचंद्र चटर्जी तिथेच शिकले. पुढे मोहसिन यांच्या नावाच्या निधीतून मुस्लिम मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

यात दोन धडे आहेत. पहिला, पैसा कुणाच्या कामी येईल, हे देणाऱ्याच्या कल्पनेपलीकडचे असते. दुसरा, कागद कितीही चांगला असला तरी तो राबवणारी माणसे चोख हवीत. मोहसिनसाहेबांचा पैसा वाचला तो हिशेब कुणीतरी मागितला म्हणून.

व्याजाचे काय?

शिरोलीच्या एका छोट्या फेटलिंग शेडमध्ये इफ्तारला बसलो असताना मी हा विषय काढला. मालक साठीचे. दोन मुले धंद्यात आहेत. मला म्हणाले, ‘सगळं पटतंय. पण पैसे बँकेत ठेवायचे आणि व्याजातून फी भरायची, हे मनाला पटत नाही. मग पुढं चालणार कसं?’

प्रश्न रास्त आहे. बहुतेक ठिकाणी असे निधी मुदत ठेवीच्या व्याजावर चालतात, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते नको असते. त्याला तीन वाटा आहेत. पहिली सर्वांत सोपी. रक्कम ठेवून द्यायचीच नाही, ठरलेल्या वर्षांत वाटून संपवायची. समजा, माणसामागे बारा लाख रुपये राहिले. कफन-दफन, मेहर आणि कर्जे मिळून तीन लाख गेले. उरले नऊ. त्याचा तिसरा हिस्सा तीन लाख. त्यातलाही तिसरा, म्हणजे एक लाख, विद्यार्थ्यांसाठी लिहिला, तर वारसांना आठ लाख राहतात. आणि दरवर्षी वीस हजारांप्रमाणे पाच वर्षे पाच मुलांची अडचण भागते. त्यासाठी संपूर्ण तिसरा हिस्सा द्यावाच लागतो असे नाही.

दुसरी वाट कर्ज-ए-हसनाची, जी वर सांगितली. तिसरी, भाड्याने दिलेला गाळा किंवा शेत असेल तर मूळ तसेच राखून उत्पन्न द्यायचे. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा त्यांना हाच सल्ला मिळाला होता : मूळ विकायचे नाही, उत्पन्न वाटायचे. वक्फची कल्पना यातूनच आली. मात्र वक्फ हा वसियतीपेक्षा वेगळा दस्त आहे, आणि 2025 मध्ये त्याच्या कायद्यात मोठे बदल झाले आहेत. त्या वाटेने जायचे तर आधी वकिलाला भेटावे.

शेडमालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागली. एमआयडीसीचा प्लॉट आपल्या मालकीचा नसतो, तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. तो वसियतीत कुणाच्या नावे लिहिला म्हणून काम होत नाही. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते. त्यापेक्षा रोख रक्कम किंवा मालमत्तेचा ठरावीक हिस्सा लिहिणे बरे.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी खरी शंका बोलून दाखवली. ‘पोरं म्हणतील, बापानं परक्याला दिलं.’ मी म्हणालो, ‘म्हणून तर पोरांना समोर बसवून लिहायचं.’

लिहायचे कसे?

मुस्लिम पर्सनल लॉनुसार वसियत तोंडीही चालते, असे कायद्याचे जाणकार सांगतात. पण तोंडी वसियतीचे काय होते, ते मी आमच्याच घरात पाहिले आहे. म्हणून लिहावे. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ती करून घेता येते आणि पुढचे वाद कमी होतात. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. कधीही बदलता येते, रद्द करता येते.

कुणाला, किती आणि कशासाठी, हे तिन्ही स्पष्ट हवे. विद्यापीठाला द्यायचे तर आधी तिथल्या लेखा विभागात जाऊन अशी देणगी ते कोणत्या अटींवर घेतात ते विचारावे, आणि संस्थेचे नाव कागदोपत्री आहे तसेच लिहावे. पदवीदान समारंभात दिली जाणारी देणगीदारांच्या नावांची पारितोषिके आपण वाचतो. पण अव्वल येणाऱ्याला पदक देण्याइतकेच काठावर उभ्या असलेल्याची फी भरणेही गरजेचे आहे. तसे हवे असेल तर स्पष्ट लिहावे. संस्था उद्या राहिली नाही किंवा तिने देणगी नाकारली तर पैसे कुठे जावेत, त्याचीही ओळ असावी. आणि हे सारे पार पाडणारा एक विश्वासू माणूस नेमावा. त्याला वसी म्हणतात. तो वयाने आपल्यापेक्षा लहान असलेला बरा.

तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त लिहिले तर ते वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही. हनफी मतानुसार एखाद्या वारसालाच वसियतीतून जादा द्यायचे, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मात्र मुलगा आधी वारला असेल आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर त्या गेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. अशा नातवाच्या शिक्षणासाठी वसियत करता येते. घरातच असा विद्यार्थी असेल तर पहिला विचार त्याचा करावा. बँकेतल्या नॉमिनीबद्दलही गैरसमज नको. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण म्हणून तो एकटाच मालक ठरत नाही.

आणखी एक फरक. जकात कुणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत, आणि बहुतेक उलेमांच्या मते ती गरजू मुसलमानांसाठी आहे. वसियतीला ती अट नाही. शेजारच्या माळवाडीतल्या शेतमजुराच्या मुलीलाही ती देता येते. अब्बांच्या त्या ओळीत ‘कुणीतरी एक पोर’ असेच होते. रात्रपाळीचा तो मुलगा आपला नव्हता, निदान जमातीच्या हिशेबाने तरी.

राहिलेली ओळ

गेल्या रमजानमध्ये मी भावाला आणि बहिणीला घरी बोलावले. इफ्तार झाल्यावर वही पुढे ठेवली आणि शेवटचे पान उघडले. बहिणीने ते अक्षर पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, ‘तेव्हाच द्यायला पाहिजे होतं.’ बहीण म्हणाली, ‘माझ्या लग्नातलं एक जेवण कमी केलं असतं तरी झालं असतं.’

अब्बांच्या मालमत्तेतून आता काही काढणे शक्य नव्हते, ती कधीच वाटली गेली होती. तिघांनी आपापल्या खिशातून रक्कम काढली. एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी एका मुलाचे दोन सत्रांचे शुल्क भरायचे राहिल्याचे सांगितले. नाव विचारायचे नाही असे आम्ही ठरवले. त्यालाही आमचे नाव कळू दिले नाही. पावती तेवढी वहीत लावली.

याला वसियत पार पाडणे म्हणता येणार नाही, ते मला माहीत आहे. उशिरा फेडलेली उसनवारी म्हणा. पण त्याच आठवड्यात मी माझी वसियत लिहिली. रक्कम लिहिली, कुणासाठी ते लिहिले, मुलांना वाचून दाखवले. माझ्या धाकट्याने विचारले, ‘अब्बा, तुम्ही मरणार आहात का?’ त्याला हजरत सादांची गोष्ट सांगितली.

या महिन्यात घरोघरी जकातीचा हिशेब होईल. सोन्याचा भाव विचारला जाईल, देणी-घेणी कागदावर येतील. वसियत लिहायला जी माहिती लागते, ती त्या दिवशी आपल्यापुढे आपोआप मांडलेली असते. वही उघडलीच आहे, तर शेवटचे पानही लिहून टाका. रक्कम लिहा, तारीख घाला, आणि सही करायला विसरू नका.